गुठळीच्या पोटात कोरडं पीठ

शुक्रवारी सकाळी उठून फोन पाहिला तर शिकागोहून भाचीचा फोटो आला होता. तिथे अजून गुरुवारची रात्र होती; नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण. फोटोत पांढऱ्या बशीत लिंबाएवढा एक तपकिरी गोळा, सुरीने मधोमध कापलेला. बाहेरची कड चिकट, अर्धपारदर्शक, आणि आत अगदी पांढरंशुभ्र, भुरभुरीत, कोरडं पीठ. खाली लिहिलं होतं : "मामा, टर्कीची ग्रेव्ही करायचं काम माझ्याकडे होतं. वीस मिनिटं उकळत्या रश्शात होता हा गोळा. मी सारखी ढवळत होते. तरी आत पाणी गेलं कसं नाही?"

प्रश्न इतका नेमका होता की मी चहा ठेवायचा विसरलो.

आधी एक खुलासा. आपण ग्रेव्ही म्हणतो ती कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची, आणि तिला दाटपणा येतो तो वाटलेल्या कणांमुळे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला किंवा इंग्लंडमध्ये नाताळात टर्की, म्हणजे कोंबडीहून बराच मोठा पक्षी, अख्खा ओव्हनमध्ये भाजतात, त्याच्याबरोबरची ग्रेव्ही निराळी. पक्षी भाजताना ट्रेमध्ये जो रस आणि चरबी गळते तिच्यात हाडांचं पाणी घालायचं, मूठभर मैद्याने दाट करायचं आणि चोचीच्या भांड्यातून मांसावर, कुस्करलेल्या बटाट्यावर ओतायचं. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी नगण्य असते, आणि जंतू मरावेत म्हणून मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला न्यावं लागतं. एवढ्या उष्णतेत ते कोरडं पडतं. त्या कोरडेपणावरचा उतारा म्हणजे ही ग्रेव्ही.

सुरुवातीला कडक आचेवर भाजलं की मांसाचा रस 'आत कोंडला जातो' असं अजूनही सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, आणि नाव मोठं असल्यामुळे ती टिकली. पण रस कोंडला जात असता तर ट्रेमध्ये जमलं ते काय? कडक आचेने रस अडत नाही, रंग आणि वास मिळतो. साखर आणि अमिनो आम्लं यांच्या ज्या अभिक्रियेतून हा खरपूसपणा येतो, ती लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये नोंदवली. ती वेगाने व्हायला साधारण १४० अंश लागतात. ट्रेमध्ये पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही. पण कडेला रस आटला की तिथे तापमान चढतं आणि तपकिरी खरवड धरते. ग्रेव्हीचा सगळा जीव त्या खरवडीत असतो. वरचा चरबीचा तवंग काढून ठेवायचा, ट्रेमध्ये गरम पाणी ओतायचं आणि लाकडी उलथन्याने खरवड सोडवून घ्यायची. काळी झाली असेल तर मात्र टाकून द्यावी, कारण करपलेला कडूपणा कशानेही जात नाही.

आता पीठ. मैद्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग स्टार्च असतो, आणि हा स्टार्च सुटा नसतो, तर कणांमध्ये बांधलेला असतो. गव्हातले मोठे कण मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढे, चपट्या मसुरासारखे. हे कण शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलराइज्ड (एकाच दिशेतली प्रकाशकंपनं सोडणाऱ्या) काचांच्या मध्ये पाहायला मिळाले, तर ती संधी सोडू नका. काळोखात प्रत्येक कण चकाकतो आणि त्याच्या मधोमध काळी फुली दिसते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ डोळा काढवेना. ही फुली सांगते की आतले रेणू अस्ताव्यस्त नाहीत, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने रांगा लावून बसले आहेत.

रेणू दोन जातींचे. अमायलोज ही ग्लुकोजची लांब, जवळपास सरळ साखळी; गव्हात ती साधारण चौथा हिस्सा. बाकीचं अमायलोपेक्टिन, फांद्याफांद्यांचं झाड. या फांद्या जोडीजोडीने पिळ्यात गुंफून घट्ट थर करतात, मग एक सैल थर, पुन्हा घट्ट. एक जोडथर सुमारे ९ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). थंड पाणी फक्त सैल थरांत शिरतं. कण किंचित फुगतो, वाळवला तर पूर्ववत होतो. म्हणून थंड पाण्यात कालवलेलं पीठ तळाशी बसतं, विरघळत नाही. पण पाणी तापत ५५-६० अंशांच्या पुढे गेलं की सैल थर इतके फुगतात की शेजारच्या घट्ट थरांना ओढू लागतात. पिळे उलगडतात. उलगडलेल्या जागी आणखी पाणी शिरतं, ते आणखी पिळे ओढतं. काही अंशांच्या फरकात अख्खा कण ढासळतो आणि कित्येक पट फुगतो. ती काळी फुली विझते. आता परत फिरणं नाही. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. जिलेटिनशी याचा काही संबंध नाही, नुसतं नावाचं साम्य.

दाटपणा येतो तो या गर्दीमुळे. साबुदाण्याची खीर शिजताना सुटे दाणे फुगून एकमेकांना खेटतात ना, तेच इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या मापावर होतं. शिवाय कणांतून बाहेर झिरपलेलं अमायलोज मधल्या पाण्यात पसरून त्याची वाहण्याची गती अडवतं. दिवाळीत आकाशकंदील चिकटवायला मैद्याची खळ करतो, तीसुद्धा हीच.

या सगळ्या घडामोडीला उष्णता लागते तसं पाणीही लागतं. पुरेसं पाणी नसेल तर शंभर अंशांतही पिळे उलगडत नाहीत. रवा कढईत लालसर होईतो भाजला तरी त्याची खळ होत नाही, ती यामुळेच.

आता भाचीचा गोळा पाहा. तिने उकळत्या रश्शात कोरडा मैदा एकदम ओतला. ढिगाच्या बाहेरच्या कणांना ऊन पाणी भेटलं. ते क्षणार्धात फुगले, एकमेकांत रुतले आणि खळीचं कवच तयार झालं. आतल्या पिठाला आता या कवचातून झिरपेल तेवढंच पाणी. आणि झिरपण्याचा हिशोब निष्ठुर असतो : जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट, दहापट झाली की शंभरपट. उष्णता आत पोचली, पाणी पोचलं नाही. आतलं पीठ तापलं, पण शिजलं नाही. ढवळून उपयोग होत नाही, कारण बुळबुळीत गोळा चमच्यावरून घसरतो, फुटत नाही.

उपाय एकच : पाणी तापण्याआधी किंवा पाण्याला भेटण्याआधी कण सुटे करा. एक वाट पिठल्याची. बेसन थंड पाण्यात कालवून घेतलं की प्रत्येक कणाभोवती आधीच पाणी असतं. दुसरी वाट शिऱ्याची. तुपात भाजलेल्या रव्यावर उकळतं पाणी ओतलं तरी गुठळी होत नाही, कारण प्रत्येक कणाला तुपाचा लेप असतो आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. फ्रेंच स्वयंपाकी जिला रू म्हणतात ती हीच रीत. काढून ठेवलेल्या तवंगातले दोन टेबलस्पून, तेवढाच मैदा, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, मग एक कप रस थोडाथोडा घालत घोटायचा आणि उकळी येऊ द्यायची. मैदा फार गडद भाजला तर वास छान येतो पण दाटपणा कमी पडतो. उष्णतेने साखळ्या तुटून आखूड होतात. तेव्हा पीठ थोडं वाढवावं. आणि पिठलं पेरून करणारी बाई एका हाताने चिमूटचिमूट बेसन सोडत दुसऱ्या हाताने घाटते, ती तिसरी वाट. तिला सराव लागतो.

बिघडलेल्या पदार्थाचं खापर बाईवर फोडायची सवय जुनी आहे, आणि फक्त आपली नाही. पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावला की लोणचं नासतं असं आपल्याकडे म्हणतात. पाळीत केलेलं मेयोनेज फाटतं असं फ्रान्समध्ये म्हणत. दोन्ही साफ खोटं आहे. लोणच्याला ओला चमचा आणि कमी मीठ नासवतं, ग्रेव्हीला कोरडं पीठ.

मात्र एक घरगुती नियम खरा निघतो, उष्टा चमचा परत न बुडवण्याचा. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्चच्या साखळ्या कापतं. चाखलेला चमचा कोमट ग्रेव्हीत राहिला तर ती पातळ होत जाते.

ग्रेव्ही टेबलावर तासन् तास ठेवू नये हेही सांगायला हवं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तगतात, आणि पातेलं ४५ अंशांच्या आसपास कोमट झालं की त्यांतून उगवलेले जिवाणू फार वेगाने वाढतात. दोन तासांच्या आत उरलेली ग्रेव्ही उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये जावी.

भाचीने ग्रेव्ही गाळून घेतली आणि वेळ निभावली. शनिवारी तिचा पुन्हा संदेश : "फ्रिजमधल्या ग्रेव्हीत चमचा उभा राहतोय. मी काय केलं?" काहीच नाही. थंडीत दोन गोष्टी एकदम गोठल्या होत्या. टर्कीच्या मानेच्या आणि पंखांच्या हाडांतून उतरलेलं जिलेटिन, जे सुमारे ३५ अंशांना, म्हणजे जिभेवरसुद्धा, वितळतं. आणि सुटं अमायलोज, जे गार होताच पुन्हा जोड्या जुळवून बसतं. या जोड्या इतक्या घट्ट की नुसत्या उकळीने त्या सुटत नाहीत. त्यांना १२० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून परत गरम केलेली ग्रेव्ही थोडी रवाळ लागते. तिच्यात थोडं पाणी घालून उकळी आणायची आणि रवीने घुसळायची.

रात्रीचा भात सकाळी कडक आणि मोकळा होतो, त्यातही या जोड्यांचा वाटा असतो. फोडणीला तोच भात चांगला. भाचीकडे रवी नव्हती, तिने काट्याने घुसळली.