तिखट पायात की तोंडात? योशीची मिरची आणि कर्बीची करी

प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत अडथळे पार करायच्या व्हिडिओ गेममध्ये, तिखट खाल्लं की पात्र पेटतं, इतकंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. त्यामुळे 'सुपर मारिओ गॅलेक्सी 2'मधली डॅश पेपर ही मिरची आणि कर्बी या गोलमटोल गुलाबी पात्राची करी या दोन गोष्टी डोक्यात एकाच खणात जाऊन बसतात. खरं तर दोन्हींचं काम अगदी वेगळं आहे. मिरची पायात उतरते, करी तोंडात. हा फरक कळला नाही, तर मिरची खाऊन शत्रूसमोर आगीची वाट पाहत राहाल आणि करी खाऊन पळत सुटाल.

आधी मिरची. 'गॅलेक्सी 2' 2010 साली निन्टेंडोच्या वी कन्सोलवर आला. त्यात योशी, म्हणजे मारिओ ज्याच्या पाठीवर बसतो तो डायनोसॉर, जिभेने मिरची ओढून गिळतो, लालबुंद होतो आणि सुसाट सुटतो. तोंडातून ठिणगीसुद्धा निघत नाही. मिळतो तो फक्त वेग. त्या वेगाच्या जोरावर तो उभे चढ चढतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून पळत जातो. याची किंमत म्हणजे थांबता येत नाही. स्टिकने फक्त दिशा देता येते आणि उडी मारता येते. काही सेकंदांत असर ओसरतो आणि योशी पुन्हा आपल्या चालीवर येतो.

याच खेळातल्या हायटेल फॉल्ससारख्या टप्प्यात खेळाडू फसतात ते शत्रूंपेक्षा स्वतःच्या घाईमुळे. मिरची दिसली की लगेच ओढून गिळतात आणि मग वाट शोधायला लागतात. तोपर्यंत योशी कड्याच्या टोकाशी पोहोचलेला असतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी उभं राहून वाट नीट पाहा. कुठे वळण आहे, कुठे चढ सुरू होतो, पुढची मिरची कुठे टांगली आहे, हे ठरवा. मग योशीचं तोंड वाटेकडे वळवा आणि त्यानंतर जीभ मारा. पळताना स्टिक शेवटपर्यंत ढकलून झटके देऊ नका. या वेगात थोडा कल पुरतो आणि जास्त दिला तर योशी वळणाबाहेर जातो. उडीसुद्धा नेहमीच्या अंदाजाने मारू नका. वेगामुळे ती लांब पडते, म्हणून ज्या फळीवर उतरायचं तिच्या अलीकडूनच बटण दाबा.

लांबच्या टप्प्यात एक मिरची पुरत नाही. वाटेत पुढच्या मिरच्या ठेवलेल्या असतात आणि धावतानाच त्या जिभेने ओढायच्या असतात. डावा हात स्टिकवर असतो, उजव्या हाताने रिमोटचा नेम धरून बी बटण दाबायचं असतं. कठीण भाग हाच. नेम धरण्यात लक्ष गेलं की डावा हात सैल पडतो आणि योशी रेषा सोडतो. मिरची जवळ येण्याआधीच नेम तिच्या जागेवर आणून ठेवला तर जीभ मारायला फक्त एक बटण उरतं. पाण्यावर किंवा चढाच्या मध्यावर असर संपला तर पायाखालचा आधारही संपतो. म्हणून मिरची ही त्या वाटेची किल्ली आहे, शस्त्र नव्हे.

आता करी. 'कर्बीज ड्रीम लँड' 1992 साली गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवर आला. हॅल लॅबोरेटरीचा हा खेळ मासाहिरो साकुराई यांनी दिग्दर्शित केला. त्यात शत्रूची शक्ती उचलण्याची सोय नव्हती. गिळायचं किंवा थुंकायचं, एवढंच. अशा खेळात करी हातात पडली की कर्बी थोड्या वेळासाठी समोर आग फेकतो. वेग तोच राहतो आणि चालही तीच. फक्त तोंडाचं काम बदलतं. एरवी बी बटणाने शत्रू ओढून घेतले जातात, करीच्या काळात त्याच बटणाने आग सुटते. म्हणून तिचा उपयोग पुढून येणाऱ्या गर्दीसाठी आहे. समोर कोणी नसताना करी घेतली तर तिचा वेळ फुकट जातो. करी म्हणजे अभेद्यतासुद्धा नव्हे. ती देणारी कँडी याच खेळातली वेगळी वस्तू आहे आणि करी खाऊन कँडीसारखं शत्रूंत घुसणं हीच तिच्याबाबतची सर्वात सामान्य चूक.

करीची गल्लत कर्बीच्या दुसऱ्या आगीशीही होते. 1993च्या 'कर्बीज ॲडव्हेंचर'मध्ये फायर ही उचललेली शक्ती आहे. हॉट हेडसारखा शत्रू गिळला की ती मिळते आणि घड्याळ बघावं लागत नाही. मात्र मार बसला की ती ताऱ्याच्या रूपात बाहेर उडते आणि तो विरून जाण्याआधी पुन्हा ओढून घ्यावा लागतो. करी वेळेने संपते, फायर मार खाल्ल्याने सुटते. त्यामुळे फायर असताना सावध खेळायचं आणि करी असताना वेळ न दवडता पुढे सरकायचं.

गोंधळाचं मूळ दोन ठिकाणी आहे असं वाटतं. पहिलं, रंग. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये (1990) कासवाचं लाल कवच तोंडात धरलेला योशी तीन आगीचे गोळे थुंकतो आणि लाल योशीला तर कुठलंही कवच चालतं. तो खेळ खेळलेल्या माणसाला लाल योशी म्हणजे आग हे पाठच असतं. म्हणून 'गॅलेक्सी 2'मध्ये मिरची खाऊन लाल झालेल्या योशीकडूनही तो आगच मागतो.

दुसरं, 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' (2008) हा मारिओ, योशी, कर्बी अशा पात्रांच्या मारामारीचा खेळ. तिथे सुपरस्पायसी करी घेतलेल्या पात्राच्या तोंडातून बटण न दाबताही आग सुटत राहते आणि त्याला स्वस्थ उभं राहता येत नाही, पाय सतत हलत असतात. म्हणजे तिथे तिखट तोंडातही आहे आणि पायातही, आणि म्हणूनच मिरची आठवते. पण त्या पायांना मिरचीचा वेग नसतो. पाण्यावरून पळणं नाही, उभा चढ चढणं नाही. तिथली खरी कसरत तोंड कुठे आहे ते सांभाळण्याची. पात्र ज्या दिशेला वळेल तिकडे आग जाते, म्हणून प्रतिस्पर्ध्याला पाठ दाखवली की ज्वाळा वाया जाते. आग सुरू असतानाही नेहमीचे वार करता येतात, तेव्हा नुसत्या ज्वाळेवर विसंबून राहू नका.