उसाच्या पोटातलं गवत

दिवाळी सरली की आमच्या बेळगावकडच्या चिकोडी भागात उसाला तुरे दिसू लागतात. दूधगंगेच्या काठच्या मळीच्या रानात सकाळच्या उन्हात ते चंदेरी तुरे डोलताना बघून परगावचा माणूस गाडी थांबवून फोटो काढतो, आणि ज्याचा ऊस आहे त्याच्या पोटात गोळा येतो. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. तोड लांबली तर कांड्यांत दशी पडते, वजन घटतं, उतारा घटतो. माझे आबा बांधावर उभं राहून म्हणायचे, "पोरी, हा उसाचा निरोप हाय बघ. आता तोडणीची टोळी लवकर आली तर बरं."

या तुऱ्यासाठी कुणी आयुष्याची उमेदीची वर्षं दिली असतील, हे आबांच्या मनातही आलं नसेल. मलाही ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं. त्या बाईंचं नाव जानकी अम्माल. आनंदीबाई जोशी, कमला सोहोनी ही नावं सीमाभागातल्या मराठी शाळांतही मुलींना ठाऊक असतात. जानकी अम्माल यांचं नाव मी माझ्या नववीच्या वर्गात विचारलं, तर एकही हात वर झाला नाही. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरींच्या घरी ऊस आहे.

आपण लावतो ते उसाचं बी नव्हे, बेणं. टिपरी सरीत दाबायची, डोळा फुटतो, कोंब वर येतो. म्हणजे अख्खा फड ही एकाच रोपाची हजारो वेळा काढलेली नक्कल असते. त्यात एक सोय आहे, वाण बिघडत नाही. आणि एक धोका आहे: एका उसाला जो रोग मारतो तो सगळ्या फडाला मारू शकतो. नवा वाण हवा असेल तर दोन वेगळ्या उसांचं लग्न लावावं लागतं, आणि ते फक्त तुऱ्यातच लागतं. उसाच्या तुऱ्यात रुजणारं बी असतं, यावर कित्येक पिढ्यांचा विश्वासच नव्हता. ते असतं हे १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस या दोन बेटांवर वेगवेगळ्या लोकांनी दाखवून दिलं. बी कसलं, कापसाच्या तंतूत अडकलेला धुळीचा कण म्हणावा इतकं बारीक. आपल्याकडं तुरा येतो, पण बी फारसं धरत नाही. तामिळनाडूतल्या कोइंबतूरला ते भरपूर धरतं. तिथला दिवस-रात्रीचा मेळ आणि हवा उसाला मानवते. १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र तिथं उभं राहिलं त्यामागं हे मोठं कारण होतं. आमच्याकडं लावतात त्या 'को ८६०३२' या वाणाच्या नावातलं 'को' म्हणजे हेच कोइंबतूर. संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्राच्या वाणांना 'एसएनके' ही अक्षरं लागतात, तसंच ते.

आज्जीच्या तोंडी पुंड्या ऊस असायचा. जाड, मऊ, रसाळ, दातानं सोलून खाता येईल असा. हा गोड उसाच्या मूळ जातीचा, शास्त्रीय नाव सॅकॅरम ऑफिसिनॅरम. पण तो लाडावलेला गडी. पाणी भरपूर हवं, रोगाला लगेच बळी पडणार, खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा वाढणाऱ्या उसाला, फुटवे कमी. त्याचा एक रानटी भाऊबंद नदीकाठी, ओढ्याच्या कडेला उगवतो. संस्कृत काव्यात शरद ऋतूच्या वर्णनात येणारं काश गवत ते हेच, सॅकॅरम स्पॉन्टेनियम. बोटाएवढा दांडा, चोथाच जास्त, साखर नावाला. पण काटक असं की पुरात बुडलं, उन्हात करपलं, तरी जमिनीखालच्या गड्ड्यातून पुन्हा फुटणारच.

या दोघांचा संकर करायची कल्पना कोइंबतूरच्या केंद्रातले शास्त्रज्ञ बार्बर आणि वेंकटरामन यांची. त्यातून निघालेला 'को २०५' हा वाण १९१८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. त्या वेळी जानकी अम्माल मद्रासच्या कॉलेजात शिकत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 'भारताचा ऊस गोड करणारी बाई' असं त्यांचं वर्णन येतं. ते खरं नाही, आणि मला ते खटकतंही. खोट्या मानानं माणसाचं खरं काम झाकलं जातं. कोइंबतूरला संकर आधीच होत होते, ऊस सुधारतही होता. तो का सुधारतो, आत नेमकं काय घडतं, हे मात्र धूसर होतं. तिथं जानकी अम्माल यांचं काम येतं.

जन्म ४ नोव्हेंबर १८९७, केरळातल्या तलश्शेरीचा. वडील न्यायखात्यात. लग्नाची बोलणी घरात चालू असताना त्यांनी शिक्षणाची वाट धरली आणि शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेल्या. १९३१ मध्ये तिथं डॉक्टरेट मिळवली. वनस्पतिशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परत येऊन थोडा काळ तिरुवनंतपुरमला शिकवलं आणि १९३४ मध्ये कोइंबतूरला उसाकडं आल्या.

त्यांचा विषय गुणसूत्रं मोजण्याचा. प्रत्येक पेशीच्या केंद्रात वारशाचे धागे असतात, तीच गुणसूत्रं. एरवी ती सुताच्या गुंत्यासारखी असतात, वेगळी दिसत नाहीत. पेशी दोन होण्याच्या बेतात असते तेव्हाच आखडून, जाड होऊन वेगवेगळी दिसतात. म्हणून मुळाचं कोवळं टोक घ्यायचं, कारण तिथं पेशी सतत वाढत असतात. ते औषधात बुडवून पेशींची वाढ आहे तिथं थांबवायची, टोक रंगवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायचं. कांद्यात १६ असतात, माणसात ४६. गोड उसात ८०. काश गवतात मात्र एक आकडा नाहीच. ठिकाणानुसार ४० पासून १२८ पर्यंत. जानकी अम्माल यांनी भारतातल्या वेगवेगळ्या भागांतलं हे गवत घेऊन त्याची गुणसूत्रं मोजली आणि १९३६ मध्ये ते काम छापलं. बारीक काळे ठिपके, एकमेकांवर चढलेले, आणि एक चुकला तरी सगळा हिशोब चुकतो.

हिशोबाची गंमत अशी. कोइंबतूरच्या काश गवतात ६४ गुणसूत्रं. संकरात आई अर्धा वारसा देते, बाप अर्धा. हा निसर्गाचा रिवाज. गोड ऊस आई, तिचे ८० चे ४०. गवत बाप, त्याचे ६४ चे ३२. लेकरात ७२ यायला हवेत. येतात ११२. म्हणजे बापानं रीतसर अर्धा वाटा दिला, आणि आईनं आपलं सगळं देऊन टाकलं, ८० च्या ८०. जावा बेटावर ब्रेमर नावाच्या डच संशोधकाला हे १९२० च्या दशकात दिसलं होतं. उसाच्या या आईपणामुळंच पहिल्या पिढीत गोडी अर्ध्यावर येत नाही. पुढं त्या लेकरांचा गोड उसाशीच पुन्हा संकर करत गेलं, की गवताचा अंश कमी होत जातो आणि काटकपणा तेवढा मागं राहतो. आजच्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात आणि त्यातला दहा ते वीस टक्के वाटा त्या नदीकाठच्या गवताचा असतो. लागणीचा खर्च वाचवणारा, अडचणीच्या वर्षी घर तारून नेणारा आपला खोडवा इतका चांगला फुटतो, तो बराचसा या वाट्याच्या जोरावर. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

जानकी अम्माल तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ऊस, मका, जोंधळा ही सगळी गवताच्याच कुळातली. मग त्यांची सोयरीक किती लांबपर्यंत जुळते? त्यांनी उसाचा मक्याशी संकर घडवून आणला आणि १९३८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याची नोंद दिली. त्या रोपातून कारखान्याला घालायचा वाण निघाला नाही. पण वेगळ्या गणांतल्या वनस्पतींचे वारसे एका पेशीत नांदू शकतात का, नांदले तर कुणाची किती गुणसूत्रं टिकतात, हे प्रश्न त्यामुळं कागदावरून कुंडीत आले.

कोइंबतूरला त्यांना सुखानं काम करू दिलं गेलं नाही. एकटी, अविवाहित बाई, त्यात मागास मानलेल्या जातीतली, आणि बरोबरचे सगळे पुरुष. १९३९ मध्ये आनुवंशिकीच्या परिषदेसाठी त्या एडिनबरोला गेल्या, तोच महायुद्ध पेटलं आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. बॉम्ब पडणाऱ्या लंडनच्या परिसरात जॉन इन्स या वनस्पती-संशोधन संस्थेत काम केलं. १९४५ मध्ये तिथले गुणसूत्रांचे अभ्यासक डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी पिकांच्या आणि बागेतल्या हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या आकड्यांचा मोठा कोश छापला. मोजण्याचं काम केवढं मोठं होऊ शकतं याचा तो ग्रंथ म्हणजे दाखलाच. पुढं इंग्लंडमधल्याच विस्लीच्या बागेत मॅग्नोलियाच्या झाडांवर प्रयोग केले. एका मॅग्नोलियाला आज त्यांचंच नाव आहे. नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ मध्ये त्या भारतात परतल्या आणि 'भारतीय वनस्पती सर्वेक्षण' या सरकारी संस्थेची घडी बसवण्याच्या कामाला लागल्या. ऐंशीच्या घरात असताना केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून उभ्या राहिल्या. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली, ७ फेब्रुवारी १९८४ ला त्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

मला एक गोष्ट त्यांच्या साऱ्या कामात एकसारखी दिसते: रानटी झाडाकडं बघण्याची त्यांची नजर. ज्याला आपण तण म्हणून खुरपून टाकतो, त्याच्यात पुढच्या पिकाचा जीव असू शकतो. आमच्याकडं कृष्णा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा यांच्या काठावरून वाळू गेली, मळी थेट पाण्यापर्यंत नांगरली गेली. काशाची बेटं लहानपणी होती तेवढी मला आता दिसत नाहीत. कन्नड बोलणारे शेजारी उसाला कब्बू म्हणतात, आम्ही ऊस म्हणतो. गवताकडं मात्र दोघांचंही सारखंच दुर्लक्ष.

या वर्षी नववीच्या पोरींबरोबर मी एक प्रयोग केला. ८६०३२ ची दोन डोळ्यांची टिपरी काचेच्या भांड्यात पाण्यात उभी केली. आठवड्याभरात कांडीच्या पेऱ्यावरून पांढरी मुळं सुटली. टोकं खुडली, पातळ आम्लात जरा गरम केली, ॲसिटोकार्माइननं रंगवली आणि काचपट्टीवर अंगठ्यानं दाबली. शेजारी कांद्याच्या मुळाचीही काच ठेवली होती. कांद्याचे सोळा धागे पोरींनी चटकन मोजले. मग उसाची काच लावली. आमच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक साधाच, आणि उसाची गुणसूत्रं फार बारीक. लाल ठिपक्यांची गर्दी दिसली फक्त. एकीनं अठ्ठावन्न सांगितले, दुसरीनं एकाहत्तर. तिसरी बराच वेळ नळीला डोळा लावून बसली. जेवणाची घंटा झाली तरी ती उठेना. मी विचारलं, "किती झाले गं?"

"थांबा बाई," ती म्हणाली, "बोलू नका, चुकेल."