भूमध्यसागरी युद्धहत्ती : जातिनिश्चिती

इ. स. पू. चौथ्या ते पहिल्या शतकांत भूमध्य समुद्राभोवतीच्या सैन्यांनी वापरलेले हत्ती कोणत्या जातीचे होते, हा प्राणिशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे. सीरियासह पश्चिम आशियावर राज्य करणाऱ्या, सेल्युकसच्या सेल्युसिड घराण्यापुरता तो सोपा आहे, कारण चंद्रगुप्त मौर्याने तहानंतर सेल्युकसला ५०० हत्ती दिले होते. वाद आहे तो ईजिप्तचे टॉलेमी राजे आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज हे नगरराज्य यांच्या हत्तींविषयी.

राफियाच्या लढाईत (इ. स. पू. २१७) चौथ्या टॉलेमीचे ७३ आफ्रिकी हत्ती सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटायोकसच्या १०२ भारतीय हत्तींसमोर आले. भारतीय हत्तींचा वास, चीत्कार आणि आकार यांना बिचकून टॉलेमीचे बहुतेक हत्ती भिडलेच नाहीत, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. आफ्रिकेतील सॅव्हाना (गवताळ प्रदेशातील) हत्ती तर भारतीय हत्तीहून थोराड असतो. म्हणून हे हत्ती लहान चणीचे आफ्रिकी वनहत्ती असावेत, असे विल्यम गॉवर्स यांनी १९४८ मध्ये मांडले आणि ते मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. मात्र टॉलेमींचे शिकारी ज्या तांबड्या समुद्राकाठच्या प्रदेशातून हत्ती पकडून आणत, त्यातील एरिट्रियात आज उरलेल्या हत्तींच्या लिदीतील डीएनएच्या २०१४ मधील अभ्यासात ते सॅव्हाना हत्तीच ठरले. भारतीय हत्ती अधिक मोठे, ही समजूत ग्रीक लेखनात आधीपासूनच रूढ होती. पॉलिबियसने तीच पुढे चालवली असण्याचा संभव अधिक वाटतो.

कार्थेजच्या बाबतीत नाणी अधिक बोलकी आहेत. स्पेनमध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या बार्का घराण्याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरील हत्तीचे कान पंख्यासारखे पसरलेले आणि पाठ मध्ये खोलगट आहे. भारतीय हत्तीचे कान लहान, पाठ कमानदार आणि कपाळावर दोन उंचवटे असतात, त्यामुळे नाण्यावरचा हत्ती आफ्रिकी आहे यात शंका राहत नाही; तो उत्तर आफ्रिकेतील, रोमन काळात नामशेष झालेल्या हत्तींपैकी असावा. एक सुळा मोडलेल्या, कार्थेजच्या सैन्यातील सर्वांत शूर हत्तीचे नाव ‘सुरुस’ म्हणजे ‘सीरियाचा’ होते, असे रोमन लेखक प्लिनीने त्याच्या आधीच्या केटो या रोमन लेखकाच्या आधारे नोंदले आहे. त्यावरून तो तरी भारतीय जातीचा असावा, असा तर्क केला जातो. नावांवर फार विसंबता मात्र येत नाही. हॅनिबलचे ३७ हत्ती ऱ्होन नदी ओलांडताना काही हत्ती बिथरून पाण्यात पडले आणि सोंडा वर धरून पैलतीराला लागले, पण त्यांचे ‘भारतीय’ बुडाले, असे पॉलिबियस सांगतो. ग्रीक भाषेत तोवर कुठल्याही माहुताला ‘भारतीय’च म्हणत.