शब्बाथ, मॉर्मन पंथातील

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी आठवड्यातील एक दिवस रोजची कामे थांबवून उपासना, प्रभुभोजन आणि कुटुंब यांसाठी राखून ठेवतात. हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, बहुतेक ठिकाणी रविवार असतो. पंथाचे नेतृत्व २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे नाव टाळून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरत आहे. या नोंदीत सोयीसाठी रूढ नाव ठेवले आहे.

उगम : शब्बाथाची आज्ञा मॉर्मनांना बायबलमधील दहा आज्ञांतून मिळते, तशीच पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याच्या नावे नोंदलेल्या साक्षात्कारांतूनही मिळते. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुक ऑफ मॉर्मन या धर्मग्रंथात दहा आज्ञा पुन्हा आल्या आहेत. पण तेथे बायबलप्रमाणे ‘सातवा दिवस’, म्हणजे शनिवार, असेच म्हटले आहे. मग पंथात रविवार कोठून आला, याविषयी दोन मते आहेत.

पंथीय मांडणीत डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स या साक्षात्कारांच्या संग्रहातील ५९व्या विभागाला निर्णायक मानतात. हा साक्षात्कार ७ ऑगस्ट १८३१ चा, मिसूरीतील जॅक्सन परगण्यातला. पॉली नाइट ही अनुयायी स्त्री नव्या वसाहतीत आदल्या दिवशी वारली होती आणि साक्षात्काराच्या दिवशी तिचा दफनविधी झाला. जगाच्या मलिनतेपासून दूर राहण्यासाठी ‘माझ्या पवित्र दिवशी’ प्रार्थनागृहात जावे, आपली पापे कबूल करावीत, निर्मळ मनाने अन्न तयार करण्यापलीकडे दुसरे काही करू नये, असे त्यात सांगितले आहे. आणि त्या दिवसाला ‘प्रभूचा दिवस’ म्हटले आहे. तो दिवस रविवार होता. ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून शब्बाथ त्या दिवसावर आला, हे सर्वसाधारण ख्रिस्ती स्पष्टीकरणही पंथाला मान्य आहे.

दुसऱ्या मतानुसार हा ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट, वळणाचा वारसा आहे. स्मिथ आणि त्याचे बहुतेक आरंभीचे सहकारी त्याच वातावरणात वाढले होते. पंथाची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी, म्हणजे मंगळवारी झाली. मात्र स्मिथचा सहकारी ऑलिव्हर काउडरी याचे पहिले जाहीर प्रवचन लगेच येणाऱ्या रविवारी, ११ एप्रिलला झाले. म्हणजे रविवारची प्रथा ५९व्या विभागाच्या आधीपासून होती. शिवाय त्या विभागात वार ठरवण्याची किंवा बदलण्याची आज्ञा कोठेच नाही. वार ठरलेला आहे असे धरूनच मजकूर पुढे जातो. त्यामुळे साक्षात्काराने वार दिला नाही, चालत्या प्रथेला आशय आणि शिस्त दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा प्रश्न पंथाबाहेरच्यांनीच काढला असे नाही. स्मिथच्या हत्येनंतर त्याच्या वारसदारीचा दावा करणाऱ्या जेम्स स्ट्रँग याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या धर्मसंहितेत शनिवारचा शब्बाथ सांगितला. विस्कॉन्सिनमधील त्याचा अल्पसंख्य गट अजून शनिवारच पाळतो.

स्मिथनंतर ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली गेलेला पंथाचा मुख्य प्रवाह २४ जुलै १८४७ रोजी आजच्या युटातील सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचला. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी नांगर थांबले आणि उपासना झाली. रविवारी काम करणारा जितके कमावील त्याच्या पाचपट गमावील, असे यंगने बजावल्याचे त्याचा सहकारी विल्फर्ड वुडरफ याच्या दैनंदिनीवरून दिसते.

उपवासाचा रविवार : महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेली रक्कम, जमल्यास त्याहून अधिक, गरिबांसाठी देतात. त्या दिवशी सभेत ठरलेली प्रवचने नसतात. ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. ही प्रथा मुळात रविवारची नव्हे. ओहायोतील कर्टलंडमध्ये, बहुधा १८३० च्या दशकाच्या मध्यापासून, उपवाससभा गुरुवारी होत आणि युटामध्येही तोच वार चालू राहिला. शेतकऱ्याला गुरुवारी दुपारी अवजार खाली ठेवता येत होते. खाणीत, दुकानात किंवा कचेरीत चाकरी करणाऱ्याला ते जमेना. नोव्हेंबर १८९६ मध्ये पंथाच्या सर्वोच्च मंडळाने उपवास पहिल्या रविवारी आणला. हा बदल धर्मशास्त्रापेक्षा मजुरीच्या अर्थकारणाने घडवला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रभुभोजन : रविवारच्या सभेचा गाभा म्हणजे भाकर आणि पाणी. द्राक्षरसाऐवजी पाणी वापरण्याला ऑगस्ट १८३० च्या एका साक्षात्काराचा आधार देतात. शत्रूंकडून द्राक्षरस विकत घेऊ नये आणि काय खाल्ले-प्याले यापेक्षा हेतू महत्त्वाचा, असा त्याचा आशय आहे. तरी द्राक्षरस लगेच गेला नाही. पाण्याचा सार्वत्रिक वापर १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू रुळला असावा.

विधी पाहण्यासारखा असतो. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या मेजामागे साधारण सोळा-सतरा वर्षांचे मुलगे बसतात. भजन चालू असताना ते पावाचे तुकडे करतात आणि मग त्यांपैकी एक जण गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो. पंथाच्या इतर बहुतेक प्रार्थना उत्स्फूर्त असतात. ही मात्र शब्दशः ठरलेली आहे. एखादा शब्द चुकला तर बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, खुणेने सांगतो आणि प्रार्थना पुन्हा म्हणावी लागते. सभागृहात कोणी त्याचे नवल करत नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांचे मुलगे तबके घेऊन रांगांपाशी जातात आणि बसलेली माणसे ती एकमेकांच्या हाती देत पुढे सरकवतात. बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, पण त्याआधीची लहान मुलेही भाकर आणि पाणी घेतात. पाण्यासाठी छोटे वेगळे पेले २०व्या शतकाच्या आरंभी आले. त्याआधी एकच पेला सर्वांत फिरे. मग सभासद, त्यांत स्त्रिया आणि किशोरवयीनही, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे प्रवचने देतात. स्थानिक पातळीवर पगारी धर्मोपदेशक नसतो आणि वर्गणीचे ताटही फिरत नाही.

वेळापत्रक : पूर्वी रविवारी सकाळी पुरुषांची सभा आणि रविवार शाळा, तर दुपारी किंवा संध्याकाळी प्रभुभोजनाची सभा असे. सॉल्ट लेक सिटीतील पहिली रविवार शाळा रिचर्ड बॅलन्टाइन याने डिसेंबर १८४९ मध्ये भरवली होती. स्त्रियांच्या आणि मुलांच्या सभा आठवड्यात इतर दिवशी होत. १९८० मध्ये हे सारे तीन तासांच्या सलग सत्रात बसवले. इंधनाची महागाई आणि अमेरिकेबाहेर दूरदूर राहणाऱ्या सभासदांचा प्रवास ही कारणे त्यामागे होती. जानेवारी २०१९ पासून सत्र दोन तासांवर आले आणि उरलेला अभ्यास घरी, कुटुंबाने मिळून करावा अशी अपेक्षा ठेवली गेली. एप्रिल आणि ऑक्टोबरमधील महासभेच्या रविवारी स्थानिक उपासना होत नाही. मंदिरे हा वेगळा भाग आहे : विवाहबंधन आणि मृतांसाठीचे विधी जेथे होतात ती मंदिरे रविवारी बंद असतात.

सुट्टीचा वार वेगळा असेल तेथे पंथ फारसा ताणत नाही. इस्राएलमध्ये शनिवारी आणि अनेक अरब देशांत शुक्रवारी उपासना होत आली आहे.

आचारनियम : काय करावे आणि काय करू नये याची यहुदी परंपरेसारखी तपशीलवार यादी मॉर्मनांकडे नाही. खरेदी, हॉटेलात जेवण, खेळांचे सामने आणि टाळता येण्याजोगी नोकरी यांपासून दूर राहावे, हा सर्वसाधारण संकेत. रुग्णालय, पोलीस अशा सेवा त्यातून सुटतात. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढावाच लागतो, हा लूककृत शुभवर्तमानातील दाखला अशा वेळी नेहमी पुढे येतो. बैल खरेच पडला की ढकलला, हा पंथातला जुना विनोद आहे. एप्रिल २०१५ मध्ये पंथाचे एक ज्येष्ठ नेते रसेल नेल्सन यांनी यशयाच्या ग्रंथाचा आधार घेत, माझ्या वागण्यातून मी देवाला कोणते चिन्ह देऊ इच्छितो, एवढेच स्वतःला विचारावे असे सुचवले. त्यानंतर याद्यांची भाषा आणखी मागे पडली.

खेळाच्या क्षेत्रात हा संकेत ठळक दिसतो. पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे संघ रविवारी खेळत नाहीत आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक त्यानुसार आखावे लागते. व्यक्तींच्या पातळीवर मात्र एकवाक्यता नाही. १९९५ मध्ये ओकलंड रेडर्सने निवडलेल्या एली हेरिंग याने रविवारच्या सामन्यांमुळे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल नाकारला. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिगहॅम यंगचा वंशज स्टीव्ह यंग याने सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा वार्षिक अंतिम सामना, जिंकून दिला, तोही रविवारी. पंथाने दोघांपैकी कोणालाही दोष दिला नाही.

सॉल्ट लेक सिटीत पंथाच्या पैशातून उभे राहिलेले आणि २०१२ मध्ये उघडलेले सिटी क्रीक सेंटर हे व्यापारी संकुल रविवारी बंद असते. त्यातील काही उपाहारगृहे तेवढी चालू असतात. युटा राज्याची सरकारी मद्यविक्री दुकानेही त्या दिवशी उघडत नाहीत.