पीयूसी: पेट्रोलच्या गाडीची तयारी वेगळी, डिझेलची वेगळी

पीयूसीचा, म्हणजे प्रदूषण तपासणीचा, कागद दोन्ही गाड्यांना सारखाच मिळतो, म्हणून तपासणीही सारखीच असेल असं वाटतं. मग पेट्रोलवाला शेजाऱ्याच्या डिझेल गाडीसाठी सांगतो, "प्लग बदलून घे, पास होईल." डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. हीटर प्लग असतो, पण त्याचं काम मुख्यतः थंड इंजिन चालू करताना.

पेट्रोल गाडीत केंद्रवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि गाडी न्यूट्रलला नुसती चालू ठेवतो. मशीन कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडी ज्या प्रदूषण मानकाची बनलीय ते. बीएस-४ आणि त्यापुढच्या चारचाकींना मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस-२, बीएस-३ चारचाकींना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढे २५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास रेस धरूनही मोजायचं असतं. तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो आणि हवा-इंधनाचं प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे ते, म्हणजे लॅम्डा, ०.९७ ते १.०३ मध्ये.

डिझेलला यातलं काही नाही. तिथे स्मोक मीटर लावतात, पेडल झटक्यात तळापर्यंत दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात, आणि धुरामुळे उजेड किती अडतो ते बघतात. बीएस-४ गाड्यांना आकडा १.६२ च्या आत हवा, त्याआधीच्यांना २.४५. थोडक्यात, पेट्रोलची परीक्षा न दिसणाऱ्या वायूची आणि डिझेलची दिसणाऱ्या काजळीची. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. "माझी पेट्रोल गाडी अजिबात धूर सोडत नाही" हे म्हणणं म्हणूनच कामाचं नाही.

एअर फिल्टरचंच बघा, दोघांनाही पहिला सल्ला तोच मिळतो. ऊसतोडीच्या हंगामात कराड-इस्लामपूर पट्ट्यात आणि शेताच्या वाटांवर फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडला की मातीच पडते. डिझेलला हे थेट भोवतं: हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर येतो. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) होज फाटलेला, इजीआर व्हॉल्व्ह (जळून निघालेला थोडा वायू परत आत सोडणारी झडप) काजळीने अडकलेला, नोझल नीट फवारा न मारणारा, ही सगळी त्याच तक्रारीची भावंडं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र हवा कमी आली तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलही कमी सोडतो. अशा गाडीत कार्बन मोनॉक्साइड वाढला तर फिल्टरपेक्षा ऑक्सिजन सेन्सर, गळणारा इंजेक्टर किंवा निकामी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर विषारी वायू साफ करणारा डबा) यांच्यावर आधी संशय घ्यावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे चोंदलेला फिल्टर खरंच घात करतो. हायड्रोकार्बन वाढला असेल तर बहुधा गाडी कुठेतरी मिस होत असते, म्हणजे ठिणगी चुकते आणि पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. प्लग आणि इग्निशन कॉइल बघायची वेळ इथे येते.

तपासणीआधी गाडी चांगली पळवून आणा, हा सल्ला दोघांनाही बरोबर आहे, पण कारणं निराळी. पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर थंड असताना जवळजवळ काहीच करत नाही, काही शे अंश तापला की कामाला लागतो. साताऱ्यात राजवाड्यावरून निघून जवळच्या पोवई नाक्यापर्यंत आलात आणि लगेच नळी घातली, तर धडधाकट गाडीचाही आकडा वर जाऊ शकतो. हायवेला शेंद्र्यापर्यंत जाऊन या आणि केंद्रावर इंजिन बंद करून रांगेत ताटकळू नका. डिझेलमध्ये गावातल्या गावात दुसऱ्या गिअरवर फिरून सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी त्या फेरीत बाहेर पडते. नाहीतर ती पहिल्याच रेसला स्मोक मीटरसमोर उधळते. सांगली-मिरज रस्त्यावरच्या गर्दीत हे साधत नाही, मोकळा रस्ता लागतो.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात मागच्याला दिसेनासं करणारी डिझेल गाडी पीयूसीला पास होते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं (आणि मग सगळे केंद्रवाल्याकडे संशयाने बघतात). केंद्रवाला प्रत्येक वेळी दोषी नसतो. घाटात इंजिनावर चढाचा भार असतो, केंद्रावर गाडी उभीच असते. पास झाली म्हणून घाटातल्या धुराकडे दुर्लक्ष करू नका.

डिझेलवाल्यांनी आणखी एक बघावं. पेडल तळापर्यंत दाबताना इंजिन पुऱ्या आरपीएमला जातं. ऑइलची पातळी आधी तपासा, आणि टायमिंग बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर पीयूसीआधी बेल्ट बदला. तो अशा वेळी तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च डोळे पांढरे करतो. बीएस-६ डिझेलचा डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागलेला असेल तर तसंच केंद्रावर जाऊ नका. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाने हायवेला चालवून दिवा विझतो का ते बघा.

नापास झालीच तर नुसतं "फेल" ऐकून निघू नका, आकडे मागून घ्या. पेट्रोलचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन आकडे मिस्त्रीला इंधन जास्त जातंय की ठिणगी कमी पडतेय ते सांगतात. डिझेलचा आकडा एकच, त्यामुळे मिस्त्रीने हवेच्या बाजूने सुरुवात करावी: फिल्टर, होज, इजीआर. नोझल उतरवायची बारी सगळ्यात शेवटी.