१८० लिटरांतून दीड लिटर

मूत्रपिंडाला शरीराची गाळणी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु चहाची गाळणी चोथा अडवते आणि हवा तो चहा खाली सोडते. मूत्रपिंडाची रीत निराळी आहे. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने तेवढी अडवून ते पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया असे हवे-नको ते सारे आधी बाहेर काढते आणि मग त्यातले हवे ते वेचून पुन्हा रक्तात घेते.

मुठीएवढ्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे आणि वेचण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून दिवसाकाठी, दोन्ही मूत्रपिंडे मिळून, सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच दिवसातून ६० वेळा गाळला जातो, आणि लघवी होते ती साधारण दीड लिटर. ही उधळपट्टी वाटेल, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते: शरीराला अनोळखी असलेला लहान रेणूही, त्याला परत घेण्याची सोय नसेल तर, आपोआप बाहेर पडतो.

गाळलेले ग्लुकोज नेफ्रॉनच्या पहिल्याच वळणदार नळीत जवळजवळ सगळे परत घेतले जाते. रक्तातील साखर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मात्र नळीची क्षमता अपुरी पडते आणि साखर लघवीत उतरते. ‘मधुमेह’ या नावात हेच निरीक्षण आहे, कारण मेह म्हणजे मूत्र.

पाण्याचा हिशेब त्याहून नाजूक. पुढची नळी केसात घालायच्या आकड्यासारखी खाली जाऊन वर वळते. तिच्यामुळे मूत्रपिंडाच्या गाभ्यात क्षार इतके साठतात की तेथील द्रव रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकतो. उन्हात घाम गाळलेल्या माणसाच्या मेंदूतून मूत्ररोधक संप्रेरक सुटते, त्यामुळे शेवटच्या नळ्यांच्या भिंती पाण्याला वाट देतात, खारट गाभा ते पाणी ओढून घेतो, आणि लघवी थोडी व गडद पिवळी होते.

तेथून पुढे मूत्रवाहिन्या आपल्या स्नायूंच्या लाटांनी लघवी मूत्राशयात ढकलतात, म्हणून आडवे झोपल्यावरही तिचा प्रवाह थांबत नाही.

नेफ्रॉन एकदा नष्ट झाला की नवा तयार होत नाही. उरलेले त्याचा भार उचलतात. त्यामुळे निम्मी क्षमता गेली तरी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकते तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, फारसे वाढलेले नसू शकते. गुच्छाची चाळण सैल होऊन लघवीत झिरपू लागलेले अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन बरेचदा त्याआधी सापडते, आणि म्हणूनच मधुमेही व्यक्तींची ही लघवीची तपासणी दरवर्षी केली जाते.