उन्हाचे बळी मोजायचे कसे?

21 मे 2010 रोजी अहमदाबादचा पारा 46.8 अंश सेल्सिअसवर गेला. त्या एका दिवसात शहरात 310 मृत्यूंची नोंद झाली. एरवी हा आकडा रोज शंभराच्या आसपास असतो. तरीही 'उष्माघात' असं कारण लिहिलेले मृत्यू फारच थोडे होते.

असं का होतं? अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं आणि घाम गाळतं. हृदयाला जादा काम पडतं. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, रक्त दाट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. धडधाकट तरुण हे निभावून नेतो. आधीच हृदय कमजोर असलेली सत्तरीतली बाई मात्र उन्हात पाऊलही न टाकता, पत्र्याखालच्या खोलीत, दिवसभराच्या काहिलीनंतर रात्रीही गारवा न मिळाल्याने दगावू शकते. दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं जातं. ते खोटंही नसतं, पण त्यामुळे ऊन नामानिराळं राहतं.

डॉ. दिलीप मावळंकर यांच्या कामाचं मोल इथे कळतं. सार्वजनिक आरोग्याचे हे अभ्यासक आधी माता-आरोग्यावरील संशोधनासाठी ओळखले जात; पुढे गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे ते संचालक झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मृत्यूचं कारण शोधण्याच्या फंदात न पडता सगळेच मृत्यू मोजले. मे 2010 मध्ये शहरात 4,462 माणसं गेली. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांची सरासरी होती 3,118. म्हणजे 1,344 मृत्यू जादा, सुमारे 43 टक्के वाढ. गणित साध्या वजाबाकीचं आहे, पण माझ्या मते भारतातल्या हवामान-आरोग्य संशोधनात याहून परिणामकारक वजाबाकी क्वचितच झाली असेल. महापालिकेला स्वतःच्याच नोंदवहीतला आकडा नाकारता येत नव्हता.

2013 मध्ये अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याचा कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातल्या शहरांमधला तो पहिला मानला जातो. तापमानाच्या अंदाजानुसार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे ठरले. लाल इशारा 45 अंशांपासून. इशारा आला की कोणी काय करायचं हेही आधीच लिहून ठेवलेलं होतं: दवाखान्यांत बर्फाच्या पिशव्या आणि सलाईनचा साठा, पाणपोया, फोनवर संदेश, डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण. याच शहरातल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष तापणाऱ्या छताखालून खालच्या मजल्यावर हलवल्यावर उन्हामुळे अतिदक्षता विभागात जाणारी नवजात बाळं कमी झाली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त मजला बदलला! हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

आराखड्याचा उपयोग झाला का, हेही तपासलं गेलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, आराखड्यानंतरच्या दोन वर्षांत दरवर्षी सरासरी 1,190 मृत्यू टळले. हा अंदाज 162 ते 2,218 इतका सैल आहे, हे विसरून चालणार नाही. काळ थोडा होता आणि प्रत्येक उन्हाळा वेगळा असतो. पण अंदाजाचं खालचं टोक धरलं तरी ती दीडशेहून अधिक माणसं आहेत.

पुढे नागपूरसह अनेक शहरांनी आणि राज्यांनी असे आराखडे केले. त्यांचा दर्जा मात्र सारखा नाही. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने 2023 मध्ये 37 आराखडे तपासले, तेव्हा सर्वाधिक धोका कोणाला आहे याचं नीट मूल्यमापन फक्त दोनांत सापडलं, आणि पैसा कुठून येणार याचा उल्लेख अकरांत. अहमदाबादचे आकडे उचलून दुसरीकडे चिकटवणंही घातक आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहरात बऱ्याच कमी तापमानालाही माणसं दगावू शकतात. आपल्या शहराला कितव्या अंशापासून धोका आहे, हे त्या शहरातल्या रोजच्या मृत्यूंवरूनच कळतं. मृत्यूची नोंद महापालिकेकडे असते, तापमानाची हवामान खात्याकडे. हे दोन रकाने शेजारी मांडा आणि उन्हाळा चालू असतानाच रोज पाहा, हा मावळंकरांचा आग्रह आहे.